पोर्तुगीज शिकायला किती पैसे पडतात? जव्हार-मोखाड्याचा हिशेब

मोखाड्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा मुलगा मार्च महिन्यात मोबाइल पुढे धरून माझ्या ओट्यावर येऊन बसला. बारावी झालेला, वापीच्या एका हॉटेलच्या भटारखान्यात दोन वर्षं काढलेला. मोबाइलवर एका एजंटाचं दरपत्रक होतं. पोर्तुगालमध्ये शेतावर काम, राहण्याची सोय, आणि खाली चार ओळींत खर्च. तिसरी ओळ अशी: 'पोर्तुगीज भाषा कोर्स, सर्टिफिकेटसह, ४५,००० रुपये.' तिच्यापुढे बारीक अक्षरांत, रक्कम परत मिळणार नाही.

"सर, भाषेचा कागद नसला तर व्हिसाच होत नाय म्हणतो तो. खरं हाय का?"

त्याच्या घरची चार माणसं दिवाळी झाली की भिवंडीच्या बाजूला वीटभट्टीवर जातात. ४५ हजार म्हणजे किती हजार विटा, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. उत्तर मात्र मला तिथल्या तिथे देता आलं नाही. मग तीन महिने मीच शिकून पाहिलं, चार ठिकाणी दर विचारले, एका ठिकाणी पैसे घालवले. हा त्या सगळ्याचा हिशेब. बाजारभाव मी विचारले तेव्हाचे आहेत. शंभर-दोनशे इकडे-तिकडे धरून चाला.

निकाल आधीच सांगतो. रोजच्या वापरापुरती पोर्तुगीज, म्हणजे रामराम, दुकान, बस, दवाखाना आणि कामावरचं बोलणं, एवढी जव्हारमध्ये बसून तीनशे रुपयांत शिकता येते. त्यापुढचा प्रत्येक रुपया कशासाठी जातोय, हे विचारूनच द्यावा.

मागची शिल्लक

नवी वही घातली की पहिल्या पानावर मागची शिल्लक ओढून घेतात. इथे ती चांगली दांडगी आहे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. जव्हारच्या उत्तरेला दादरा-नगर हवेलीत त्यांचा अंमल थेट १९५४ पर्यंत होता. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं, त्या लढ्यात सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. जव्हारचं संस्थान मुकण्यांचं राहिलं, पण बाजारातून जे घरात आलं त्याची नावं पोर्तुगीज आली. चावी ही त्यांची 'शाव्ह', बादली 'बाल्द', पिंप 'पीप', फीत 'फीत', घमेलं 'गामेल', पाव 'पांउ', बटाटा 'बताता', लिलाव 'लेलांउ', मिस्त्री 'मेश्त्र', नाताळ 'नाताल'. शर्टाचं काज त्यांच्या 'काझ' वरून, म्हणजे घरावरून. ब्राझीलमधला काजू इकडे त्यांच्याच गलबतांतून उतरला आणि आज जव्हार-मोखाड्यातल्या वाड्यांत आंब्याच्या शेजारी उभा आहे. पोर्तुगीजही त्याला 'काजू'च म्हणतात. फक्त त्यांचा 'ज' थोडा 'श'कडे झुकलेला.

ही सगळी यादी फुकट मिळते. मोन्सिन्योर सेबाश्तियांउ रोदोल्फु दाल्गादु हे गोव्यातल्या बार्देशचे, जन्म १८५५ चा. आशियातल्या भाषांत गेलेल्या पोर्तुगीज शब्दांचा त्यांनी केलेला कोश १९१३ साली निघाला आणि १९३६ साली बडोद्याहून त्याचं इंग्रजी भाषांतर आलं. जुन्या पुस्तकांच्या मोफत संग्रहात ते इंटरनेटवर वाचायला मिळतं. त्यातले मराठी म्हणून दिलेले शब्द वहीत उतरवले तर शे-सव्वाशे शब्दांची भर पहिल्या आठवड्यात पडते.

मात्र शिल्लक मोजताना खोटी नाणी बाजूला काढायला हवीत. 'पेरू' हा आपला शब्द त्यांच्या 'पेर' वरून आला, पण त्यांचं 'पेर' म्हणजे नासपती, आणि 'पेरू' म्हणजे चक्क टर्की कोंबडा. आपला पेरू तिथे 'गोयाब'. 'सबांउ' म्हणजे कपड्यांचा साबण. अंगाचा हवा तर 'साबुनेत' मागायचा. बिजागरीला आज तिथे 'दोब्रदीस' म्हणतात, जुना शब्द आपल्याकडे राहिला. आणि सर्वांत महत्त्वाचं, 'पगार'. पोर्तुगीजमध्ये ते नाम नाही, क्रियापद आहे: पैसे देणं. "पोसु पगार कों कार्तांउ?" म्हणजे कार्डाने पैसे देऊ का. मालकापुढे उभं राहून नुसतं "पगार?" म्हटलं तर तुम्हीच त्याला काही द्यायला आलात असं त्याला वाटेल. तिथला पगार म्हणजे 'सलारिउ'.

लिस्बन की ब्राझील, हे आधी ठरवा

या प्रश्नाला पैसे पडत नाहीत, पण चुकला तर तीन महिने जातात. ब्राझीलची वस्ती वीस कोटींच्या वर, पोर्तुगालची एक कोटीच्या आसपास. साहजिकच बहुतेक फुकट ॲप ब्राझीलची बोली शिकवतात. सगळ्यांच्या ओळखीचं हिरव्या घुबडाचं ड्युओलिंगो तसंच. त्यावर दीड महिना घासून मी "बों जीअ" म्हणायला शिकलो. लिस्बनला "बों दीअ" म्हणतात. एवढ्याने बिघडत नाही. पण बसला ब्राझीलमध्ये 'ओनिबुस' आणि पोर्तुगालमध्ये 'औतुकार्रु', रेल्वेला 'त्रें' आणि 'कोंबोइउ', मोबाइलला 'सेलुलार' आणि 'तेलिमोव्हेल', सकाळच्या न्याहारीला 'काफे द मान्यां' आणि 'पिकेनु आल्मोसु'. अननस पोर्तुगालमध्ये आपल्यासारखाच 'अननाश', ब्राझीलमध्ये 'अबाकाशी'. ब्राझीलची माणसं स्वर मोकळे सोडतात, पोर्तुगालची गिळतात. कान एकाला सरावले की दुसरी बोली पहिल्या आठवड्यात भुताची भाषा वाटते.

तेव्हा पोर्तुगालला जायचं असेल, किंवा अंगोला-मोझांबिकला, तर शिकवणीला पैसे देण्याआधी विचारा: शिकवणारा कुठली बोली बोलतो? "दोन्ही सारख्याच" असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

तीनशे रुपयांचा रस्ता

दोनशे पानी वही ६० रुपये. साधे वायरचे इअरफोन १५० ते २००. मोबाइलचं रिचार्ज तीनशेच्या आसपास, पण ते तुम्ही एरवीही मारताच, म्हणून ते या खात्यात धरत नाही. झेरॉक्स काढाल तेवढे वेगळे.

शिकायचं कशावरून? पोर्तुगाल सरकारने स्थलांतरितांसाठी 'प्लातफोर्म द पोर्तुगेश ऑनलाइन' नावाची शिकवणी इंटरनेटवर ठेवली आहे. फुकट आहे, लिस्बनच्या उच्चारांची आहे, आणि तिच्यातले धडे बाजार, दवाखाना, भाड्याचं घर, नोकरीची मुलाखत अशा विषयांवर आहेत. मी पाहिलेल्या पैशाच्या चार शिकवण्यांपैकी एकही हिच्याएवढी कामाची नव्हती. कानांसाठी 'आर-टी-पी' या तिथल्या सरकारी प्रसारण संस्थेचा रेडिओ आणि बातम्या फुकट ऐकता येतात. सुरुवातीला काहीच कळत नाही. भांडी घासताना लावून ठेवा; तिसऱ्या आठवड्यात हवामानाच्या बातमीतले आकडे कळायला लागतात.

मोखाड्याच्या पाड्यांवर रेंजची रड आहेच. धडे उतरवून घ्यायचे ते जव्हारला आलात की स्टँडवर बसून, एका वेळी आठवड्याभराचे. नुसत्या आवाजाची फाइल फारसा डेटा खात नाही, व्हिडिओ खातो. गूगलच्या भाषांतराच्या ॲपमध्ये पोर्तुगीज आणि मराठी दोन्ही आधी उतरवून ठेवली की रेंज नसतानाही चालतात. त्याला लांबलचक मराठी वाक्य मात्र देऊ नका. "पाणी कुठे मिळेल" द्या, "जरा घोटभर पाणी मिळालं असतं तर बरं झालं असतं" देऊ नका.

वहीला दोन रकाने आखा, डावीकडे मराठी आणि उजवीकडे पोर्तुगीजचा उच्चार देवनागरीत. इंग्रजी पुस्तकांतले उच्चार डोक्याला ताप देतात, कारण इंग्रजांना नाकातले स्वर लिहिता येत नाहीत. आपल्याकडे अनुस्वार आहे. 'नांउ' म्हणजे नाही, 'बें' म्हणजे बरं, 'सीं' म्हणजे हो. बेळगाव-मालवणकडच्या माणसाला तर शिकवायलाच नको. रोमन लिपीत 'एल'पुढे 'एच' आला की 'ल्य', 'एन'पुढे 'एच' आला की 'न्य'. एवढं भिंतीवर लिहून ठेवा.

व्याकरणाला घाबरणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. एक, आभार मानताना पुरुष 'ओब्रिगादु' म्हणतो आणि बाई 'ओब्रिगाद'. शब्दाचा मूळ अर्थ बांधलेला, बांधलेली. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे महिनाभर सांगावं लागतं. आपण 'मी आलो' आणि 'मी आले' जन्मापासून म्हणतो, आपल्याला ते एकदा सांगितलं की झालं. दोन, 'तू' तिथेही 'तू'च आहे आणि तो घरच्यांसाठी, बरोबरीच्यांसाठी. मुकादमाला, डॉक्टरला, दुकानदाराला 'उ सिन्योर' किंवा 'अ सिन्योर' म्हणायचं. म्हणजे आपलं 'साहेब, आपण' आणि 'बाई, आपण'. ॲपमधून शिकलेली पोरं सगळ्यांना एकाच मापाने मोजतात आणि समोरच्याचा चेहरा का पडला हे त्यांना कळत नाही. तीन, 'असणं' याला त्यांच्याकडे दोन क्रियापदं. काजू गोड असतो आणि काजू संपला आहे, यातला 'असतो' आणि 'आहे' यांचा फरक ज्याला आपोआप कळतो त्याला त्यांच्या 'सेर' आणि 'श्तार' यांचं अर्धं काम झालेलं असतं. उरलेलं अर्धं सवयीने.

कुठली वाक्यं?

बाजारात चारशे ते सातशे रुपयांना संवादाच्या खिशात मावणाऱ्या पुस्तिका मिळतात. त्या प्रवाशांसाठी लिहिलेल्या आहेत. त्यांत वाइन मागवायला अर्धं पान आणि संग्रहालयाची वेळ विचारायला अर्धं. शेतावर किंवा हॉटेलात कामाला जाणाऱ्याला लागतात ती वाक्यं मी मुद्दाम वेगळी काढली.

आधी सगळ्यांना लागणारी. "बों दीअ" सकाळी, "बोअ तार्द" दुपारी जेवणानंतर, "बोअ नोइत" रात्री. "पुर फावोर" कृपया. "दिश्कुल्प" माफ करा. "क्वांतु कुश्त?" केवढ्याला? "ओंद फीक?" कुठे आहे? "अ कोंत, पुर फावोर," बिल द्या. आणि पहिले सहा महिने सोन्याच्या भावाची दोन: "नांउ पर्सेबु," मला समजलं नाही, आणि "माइश दिवगार," जरा सावकाश.

आता कामाची. "कोंत्रातु" म्हणजे करारपत्र. आपल्या कंत्राटाचा तो सख्खा नातलग, ऐकताच ओळखू येतो. "ओंद श्ता उ मेउ कोंत्रातु?" माझा करार कुठे आहे? "रिसीबु" म्हणजे पावती, आणि पगाराची पावती 'रिसीबु द व्हेंसिमेंतु'. ती दर महिन्याला मागायची. "क्वांतश ओरश?" किती तास? "फोल्ग" आठवड्याची सुट्टी, "फेरिअश" वर्षाची रजा. "दोइ-म अकी," मला इथे दुखतंय, आणि बोट ठेवायचं. "श्तो दुएंत," मी आजारी आहे. "प्रिसीझु द अजूद," मदत हवी आहे. यातला 'ज' काजूतल्यासारखाच, 'श'कडे झुकलेला. अडचणीचा फोन नंबर पोर्तुगालमध्येही आपल्यासारखाच ११२, तेवढं नवं शिकावं लागत नाही.

२०२५ साली पोर्तुगालचं किमान वेतन महिन्याला ८७० युरो होतं. हा आकडा पोर्तुगीजमध्ये म्हणता येणं हा माझ्या मते भाषेचा पहिला धडा असायला हवा: "ओइतुसेंतुश इ सेतेंत." ज्याला तो ऐकून कळतो त्याच्याकडून सातशे सांगून आठशे सत्तरवर सही घेता येत नाही. मुलाने हा आकडा पाठ करायला दोन दिवस घेतले. 'बों दीअ'पेक्षा आधी पाठ केला.

वारांचं एक गंमतीचं. शनिवार-रविवार 'साबदु' आणि 'दुमिंगु'. बाकीचे वार नुसते आकडे आहेत. सोमवार म्हणजे दुसरा, 'सेगुंद', मंगळवार तिसरा, 'तेर्स', असं शुक्रवारी सहाव्यापर्यंत, 'सेश्त'. बुधवारला चौथा म्हणताना आपली गाडी हमखास एक घर चुकते. कामाच्या पाळीचा कागद वाचताना बोटांवर मोजा, लाजू नका.

शिकवणीचे पैसे कधी द्यावेत

एकट्याने दोन महिने रेटलं की तोंड अडतं. कान चालतात, जीभ चालत नाही. तिथे माणूस हवा. इंटरनेटवर एकास एक शिकवणारे तासाला साधारण ८ ते २० डॉलर घेतात, म्हणजे ७०० ते १,७०० रुपये. एकट्याला परवडत नाही. चौघांनी मिळून घ्या. हजार रुपयांचा तास चौघांत २५० ला पडतो. असे बारा तास घेतले तर माणशी ३,०००. वही-इअरफोनचे २५० आणि एक बरं पुस्तक ५०० चं धरलं तर सगळे मिळून ३,७५०. चौघांनी मोबाइल मध्ये ठेवून बसायचं आणि आळीपाळीने बोलायचं. शिकवणारा आधीच कबूल आहे का एवढं विचारून घ्या. बरेच जण असतात.

परदेशी साइटवर पैसे भरताना डेबिट कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करावा लागतो. चलन बदलाचे म्हणून बँक साडेतीन टक्क्यांपर्यंत कापते, त्या आकारावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. दहा डॉलरचा तास म्हणूनच हिशेबात थोडा महाग पडतो. एकदम दहा तासांचं पॅकेज घेऊ नका. आधी एक तास.

आता माझा पैसे घालवल्याचा किस्सा. एका ॲपने 'सात दिवस फुकट' म्हणून कार्डाची माहिती घेतली. सातव्या दिवशी आमच्याकडे लाइट गेलेली, आठव्या दिवशी खात्यातून पूर्ण वर्षाचे दोन हजार चारशे गेलेले. ॲप मोबाइलवरून काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबते असं मी समजत होतो. थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये 'सबस्क्रिप्शन'मध्ये जाऊन किंवा यूपीआयच्या 'ऑटोपे'मध्ये जाऊन ती बंद करावी लागते, आणि तीही फुकट मुदत घेतली त्याच दिवशी केली तरी चालते, सात दिवस मिळतातच. पैसे कापण्याच्या चोवीस तास आधी बँकेने कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मला तो मेसेज आलाही होता. मी तो लॉटरीच्या मेसेजांबरोबर पुसून टाकला.

शहरातले ऑनलाइन क्लास १५ ते ४० हजार सांगतात. खासगी शिकवणीवर १८ टक्के जीएसटी असतो, म्हणून सांगितलेली रक्कम करासह की करावेगळी हे आधी लेखी घ्या आणि जीएसटी क्रमांक असलेलं बिल मागा. '३० दिवसांत अस्खलित' ही जाहिरात दिसली की एक आकडा आठवा: अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या भाषाशाळेत पोर्तुगीज ही सोप्या गटातली भाषा आहे, आणि तरीही तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांना कामापुरती यायला वर्गातले सहाशे ते साडेसातशे तास लागतात.

गोव्याला जाऊन शिकावं का, हेही काहींनी विचारलं. पणजीत पोर्तुगाल सरकारच्या कामोंइश संस्थेचं भाषाकेंद्र आहे, गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे. शिकवणं पक्कं. पण ठाण्याहून स्लीपरचे चारशेच्या आसपास, खोलीचं भाडं आठ-दहा हजार, खाणं सहा हजार. दोन महिने राहिलात तर फी भरण्याआधीच तीस हजार संपले. परीक्षा द्यायची असेल, दुभाषी व्हायचं असेल, अभिलेखागारातले जुने कागद वाचायचे असतील तर खुशाल जा. बाजारापुरत्या भाषेसाठी नको.

कोरलईची गोष्ट

आमच्याकडच्या शिकणाऱ्यांना सगळ्यांत मोठी भीती चुकण्याची. म्हणून कोरलईबद्दल सांगतो. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशी हे गाव. १७४० मध्ये पोर्तुगीज तिथून गेले. त्यांच्याशी बोलून बोलून तयार झालेली बोली मात्र तिथल्या ख्रिस्ती वस्तीत राहिली. ती माणसं तिला 'नो लिंग' म्हणतात, आमची भाषा. बोलणारी हजाराच्या आतबाहेर. जे. क्लॅन्सी क्लेमंट्स या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ साली अख्खं पुस्तक लिहिलं.

आपल्या कामाची गोष्ट ही की या बोलीतले शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची चाल मराठी. पोर्तुगीजात क्रियापद मध्ये येतं, 'मी खातो भात'. कोरलईत ते मराठीसारखं शेवटी जाऊन बसलं. आजूबाजूला सगळं मराठी, मग होणारच. चार शतकं लोक असं बोलताहेत, मुलं वाढवताहेत, भांडताहेत. तेव्हा आमच्या मोखाड्याच्या मुलाने पहिल्या महिन्यात क्रियापद शेवटी टाकलं म्हणून त्याला हसणाऱ्या ऑनलाइन शिक्षिकेचा मला राग आला. समोरच्याला कळतं. क्रमाची दुरुस्ती सावकाश होते. चुकीची किंमत ऐकू येणं महाग पडतं, क्रियापद चुकीच्या जागी पडणं नाही.

कोरलईला भाषा ऐकायला म्हणून सहल काढू नका, लोकांच्या अंगणात जाऊन "जरा बोलून दाखवा" म्हणणं बरं नव्हे. दगड वाचायचे असतील तर वसईचा किल्ला जवळ आहे. तिथल्या पडक्या चर्चच्या फरश्यांवर पोर्तुगीजात कोरलेल्या समाध्या आहेत, नावं आणि सालं लावत बसायला बरं वाटतं. एसटीने बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तर ओलांडलेल्यांना फुकट. डबा घरून न्या.

४५ हजारांची ओळ

आता मूळ प्रश्न. पोर्तुगालमध्ये कायदेशीर राहणाऱ्या परदेशी माणसांसाठी तिथलं सरकार 'पोर्तुगेश लिंग्व द अकोल्यिमेंतु' नावाचे भाषावर्ग चालवते. फी नाही. त्यातून मिळणारा 'ए-टू' पातळीचा दाखला पुढे नागरिकत्वाच्या अर्जालाही चालतो, आणि तो अर्ज तिथे काही वर्षं काढल्यावरची गोष्ट आहे. जे तिथे गेल्यावर फुकट मिळतं त्याचे इथे ४५ हजार कशाला?

परीक्षेचा खरा दाखला हवाच असेल तर तो लिस्बन विद्यापीठाच्या 'काप्ल' या केंद्राचा; त्यातली 'ए-टू'ची परीक्षा 'सिप्ल'. एजंटाच्या दुकानात छापलेल्या रंगीत कागदाला त्याची किंमत नाही. व्हिसासाठी कुठले कागद लागतात ती यादी दूतावासाच्या आणि अर्ज घेणाऱ्या केंद्राच्या संकेतस्थळावर असते. ती छापून घ्या आणि एजंटापुढे ठेवा: यातल्या कुठल्या ओळीसाठी हे ४५ हजार?

आणखी एक थाप अजून चालते. "टुरिस्ट म्हणून जा, काम धरा, तिथेच कागद होतात." पूर्वी तशी वाट होती. पोर्तुगालने ती ३ जून २०२४ ला बंद केली.

परदेशी नोकरीसाठी माणसं नेणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येते. सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४००. नुसत्या भाषेचे ४५ हजार मागणाऱ्याने सगळ्या कामाच्या मर्यादेपेक्षा जास्त एकाच ओळीत मागितले होते. मर्यादा चुकवायला भाषा, मेडिकल, 'फाइल चार्ज' अशा वेगळ्या ओळी पाडतात, ही जुनी रीत.

पैसे दिले असतील तर पावती, यूपीआयचा पुरावा आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका. त्याचे फोटो दुसऱ्या मोबाइलवर पाठवून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही, वकीलही लागत नाही. मुदत दोन वर्षांची. 'पैसे परत मिळणार नाहीत' असं बारीक अक्षरांत छापलं म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही.

त्या मुलाने एजंटाला नोंदणी क्रमांक विचारला. दोन दिवस उत्तर नाही, तिसऱ्या दिवशी "आधी पाच हजार टोकन भरा, मग देतो." त्याने भरले नाहीत. वापीच्या हॉटेलात परत गेलाय; तिथून खरा एजंट शोधतोय, यादीतला. वही बरोबर नेली. भटारखान्यातल्या आणखी दोघांना नादी लावलंय, आता तासाला एक माणूस कमी पडतोय म्हणून परवा त्याचा फोन आला होता.

"सर, चौथा तुम्ही बसता का? अडीचशेच रुपये हाय."

बसतो म्हटलं. 'सेगुंद', म्हणजे सोमवारी, रात्री साडेनऊला.